त्या एका हॉस्पिटलात

मी एका हॉस्पिटलात चुका गोळा करतो. माझ्या पदाचं खरं नाव बरंच लांब आहे, त्यात 'गुणवत्ता' हा शब्द दोनदा येतो, पण काम तेवढंच. कुणाला भलत्याच वेळी गोळी दिली, कुणी बाथरूमपाशी घसरलं, कुणाचा एक्स-रे कुणाच्या पाकिटात गेला, की मला निरोप येतो. मी जाऊन विचारपूस करतो आणि परत तसं होऊ नये म्हणून काय करता येईल ते मोठ्या साहेबांना सुचवतो. साहेब ते मन लावून वाचतात आणि परिपत्रक काढतात. परिपत्रकात लिहिलेलं असतं, 'सर्वांनी दक्षता घ्यावी.'

घरी मामा माझी ओळख करून देतो. "हा आमचा ठोकळ्या. हॉस्पिटलात चुका करतो."

"गोळा करतो, मामा."

"तेच ते. केल्याशिवाय गोळा कुठून होणार?"

मामा फ्रिज दुरुस्त करतो. बाबा गेले तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. तेव्हापासून आईला आणि मला त्यानेच सांभाळलं, आणि सांभाळताना घटकाभरही गप्प बसला नाही. मी बोलायला शिकलो ते त्याला मधे तोडण्यासाठीच, असं आई म्हणते. यंदा त्याने दोन दारांचा एक फ्रिज एकट्याने जिना चढवला, कारण गिऱ्हाईकाचा मुलगा म्हणाला होता, "आजोबा, मी हात लावू का?" 'आजोबा' त्याला लागलं. फ्रिज वर गेला आणि मामाचा हर्निया बाहेर आला.

ऑपरेशन करायचं ठरलं. मी म्हटलं, आमच्याकडे कर, सगळे ओळखीचे आहेत.

"म्हणूनच नको," मामा म्हणाला. "तू जेवताना काय काय सांगतोस ते ऐकतो ना मी. मी टेकडीवरच्या हॉस्पिटलात जाणार. तिकडे चुका होत नाहीत."

"होतात. सांगत नाहीत."

"मग उत्तम. मला कुठे ऐकायच्यात?"

तो टेकडीवर जाऊन तपासण्या करून आला आणि फोनमधले फोटो दाखवायला बसला. रक्त दिल्याचा फोटो नाही, डॉक्टरांचा नाही. फोटो सगळे यंत्रांचे. लिफ्टची मोटर, पाणी गार करायचं मशीन, आणि शेवटी ट्रॉलीला लटकवलेला एक छोटा, चकचकीत ऑक्सिजन सिलिंडर, ज्याच्या शेजारी मामा नव्या जावयासारखा उभा होता.

"कोरा आहे. परवाच आलेत म्हणे. हा काटा बघ, काय सुबक बसवलाय. नाहीतर तुमच्याकडे."

मी काटा बघितला आणि फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. आमच्याकडेही तेच सिलिंडर होते. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्यातल्याच एकाने आमच्या एका सुतार पेशंटला जवळजवळ मारलं होतं.

झालं होतं असं. एका सुताराचं ऑपरेशन छान पार पडलं. थिएटरमधून वॉर्डात नेताना सिस्टरने त्याला मास्क लावला, किती ऑक्सिजन सोडायचा त्या आकड्यावर बटण फिरवलं, काटा बघितला. काटा म्हणाला, भरलेला आहे. ट्रॉली निघाली. लिफ्टमध्ये सुताराचे ओठ निळे पडायला लागले. मास्क होता, नळी होती, आकडा होता, काटा होता. फक्त ऑक्सिजन नव्हता, कारण सिलिंडरची मुख्य चावी कुणी उघडलीच नव्हती. जुन्या सिलिंडरचा काटा चावी उघडल्याशिवाय जागचा हलत नाही. त्यामुळे काटा वर दिसला की चावी उघडी, हे हॉस्पिटलात सगळ्यांच्या हाडात भिनलेलं. नव्या सिलिंडरचा काटा मात्र चावी बंद असतानाही वरच असतो. आत किती माल आहे एवढंच तो सांगतो. बाहेर काही येतंय का, हा त्याचा विषय नाही. आकड्याचं बटणसुद्धा, काहीही सोडत नसताना, अगदी प्रामाणिकपणे कट्‌कट् वाजत फिरतं.

सुदैवाने त्या लिफ्टमध्ये आमच्या मेट्रनबाई होत्या. त्यांनी चावी फिरवली, सुतार पुन्हा गुलाबी झाला आणि दुसऱ्या दिवशी पलंग डुगडुगतो अशी तक्रार करून त्याने पायाखाली स्वतःच पाचर मारली. तो पलंग आता आमच्याकडचा सगळ्यात चांगला पलंग आहे.

साहेबांनी परिपत्रक काढलं. दक्षता घ्यावी. ते नोटीस बोर्डावर लावायला गेलो तर तिथे आधीच एक 'दक्षता घ्यावी' होतं, पार्किंगबद्दलचं. साहेब म्हणाले, "मग वेगळं कशाला? तेच राहू दे." आणि वर म्हणाले, "हे बाहेर जाता कामा नये. टेकडीवाल्यांना कळलं तर ते आपल्याला धुऊन वाळत घालतील."

मी मामाला फोटोवर बोट ठेवून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

"ठोकळ्या, तुला कमिशन मिळतं का रे?"

"कसलं कमिशन?"

"पेशंट पळवून आणायचं. मला घाबरवून तुमच्याकडे न्यायचं, हेच ना? गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, आणि ते टेकडीवरच आहे. मामी, याला चहा दे आणि कामावर पाठव." मामा स्वतःच्या बायकोला मामीच म्हणतो. माझ्या लहानपणी सवय लागली ती सुटलीच नाही.

मग मी टेकडीवर फोन केला. साहेबांचा हुकूम डोक्यात होता, म्हणून नाव न सांगता सावध करायचं ठरवलं. ही कल्पना कागदावर चांगली होती.

"तुमच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरमुळे पेशंटचं काहीतरी होऊ शकतं," मी आवाज दबका ठेवून म्हणालो.

"आपण कोण बोलताय?"

"ते सांगता येणार नाही. पण गुरुवारच्या आत काहीतरी करा."

"गुरुवारी काय आहे?"

"ते मी बोलू शकत नाही."

मग फोनवर जाड आवाजाचा एक माणूस आला. त्याने स्वतःची ओळख सुरक्षा प्रमुख अशी करून दिली आणि माझी मागणी काय आहे ते विचारलं. मी फोन ठेवला. आपल्याला काय हवंय असं मला इतक्या अदबीने आजवर कुणी विचारलेलं नव्हतं.

उरली होती ती मंगळवारची बैठक.

ही बैठक मेट्रनबाईंनी सुरू केली. शहरातल्या हॉस्पिटलांनी महिन्यातून एकदा भेटायचं आणि आपापल्या चुका सांगायच्या, म्हणजे तीच चूक प्रत्येकाने नव्याने करायला नको. बैठक कुणाकडे घ्यायची यावर मात्र गाडी अडली. ज्याच्याकडे बैठक त्याच्याकडे चुका जास्त, असं दिसलं असतं. शेवटी एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा वर्ग मिळाला. भिंतींवर 'वळण धोक्याचे' आणि 'वेग आवरा' असे तक्ते, कोपऱ्यात शिकाऊ लोकांसाठी एक खरं स्टिअरिंग लावलेली खुर्ची. उशिरा येणाऱ्याला ती मिळायची. मोठमोठे डॉक्टर तिथे बसून नकळत डावीकडे वळताना मी पाहिलेत.

बैठकीत 'आमच्याकडे' हा शब्द कुणी उच्चारत नसे. सगळे म्हणत, "एका हॉस्पिटलात असं झालं." त्या एका हॉस्पिटलात दर महिन्याला इतकं काही होई, की ते अजून बंद कसं पडलं नाही याचं मला नवल वाटायचं. शिवाय चुकाही धुऊन पुसून आणलेल्या. स्टेशनमागच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक तर गेल्या खेपेला म्हणाले होते, "एका हॉस्पिटलात उशीचा अभ्रा उलटा घातला गेला." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

मागच्या बाकावर एक धिप्पाड, लाजरा माणूस बसायचा. तो जनावरांचा डॉक्टर. बोलावणं मीच पाठवलं होतं, 'शहरातील सर्व रुग्णालयांना', आणि त्यात कुत्र्यामांजरांचा दवाखानाही गेला. तो पहिल्या बैठकीला नवा शर्ट घालून आला. त्याला परत जा म्हणायचं कुणाच्याच जिभेवर येईना, तेव्हापासून तो दर वेळी येतो आणि काही बोलत नाही.

त्या मंगळवारी टेकडीवरून भूल देणाऱ्या मॅडम आल्या होत्या. गुरुवारी मामाला झोपवणार होत्या त्याच. त्या उशिरा आल्या, त्यामुळे स्टिअरिंगपाशी बसल्या.

माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो. मेट्रनबाईंकडे बघायचं टाळलं. "एका हॉस्पिटलात," मी म्हणालो, "सिलिंडर बंदच राहिला आणि पेशंट निळा पडला. काटा भरलेला दाखवत होता."

लोकांनी माना डोलावल्या. कुणी पेन उचललं नाही. त्या एका हॉस्पिटलाकडून आता कुणाला फारशी अपेक्षा उरली नव्हती.

"सिलिंडर उघडायचा असतो एवढंही कळत नाही तिथल्या लोकांना?" भुलीच्या मॅडम हसून म्हणाल्या. "आमच्याकडे नाही बाई असं व्हायचं."

वर्गात हशा पिकला. मीही सवयीने थोडा हसलो. आणि हसताहसता मला मामा दिसला, मास्क लावलेला, डोळे मिटलेला. तो गप्प होता. मामा गप्प, हे चित्र मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

"मॅडम," मी म्हणालो, "ते हॉस्पिटल म्हणजे आम्ही."

हशा जिथल्या तिथे थांबला. मेट्रनबाई समोरच्या 'थांबा आणि पाहा' या तक्त्याकडे बघत होत्या. आता आपली नोकरी गेली, असं मी मनात म्हटलं. नवीन काम शोधायला लागणार, आणि अनुभवाच्या रकान्यात काय लिहिणार? चुका?

मेट्रनबाई उठल्या. "मी होते त्या लिफ्टमध्ये," त्या म्हणाल्या. "आमची सिस्टर हुशार आहे. आळशी नाही, नवखी नाही. तिने काटा बघितला. मीही बघितला. माझं सगळं आयुष्य काटे बघण्यात गेलंय, आणि काटा वर असला की चावी उघडी असते, म्हणून मी निश्चिंत होते. तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर निळा होत होता आणि मी काट्यावर विश्वास ठेवून उभी होते."

भुलीच्या मॅडमच्या हातून स्टिअरिंग सुटलं. "चावी बंद असतानाही काटा वर?"

"वर."

"नव्या, छोट्या सिलिंडरवर?"

"हो. तुमच्याकडे परवाच आलेत ते," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या मामाने त्याच्यासोबत फोटो काढलाय. गुरुवारी तुम्ही त्याला भूल देणार आहात. हर्निया. बडबड्या."

"फ्रिजवाले?" त्यांचा चेहरा उतरला. "त्यांनी मला आमच्या लिफ्टची मोटर समजावून सांगितली हो."

तेवढ्यात स्टेशनमागचे व्यवस्थापक उभे राहिले. हे अभ्रावाले. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आमच्याकडेही झालंय, दोनदा," ते म्हणाले. "तुमच्या आधी. दोन्ही वेळा पेशंट वाचला, म्हणून... बोललो नाही. अभ्रा सांगितला."

म्हणजे त्यांनी अभ्र्याच्या जागी सिलिंडर सांगितला असता, तर आमचा सुतार निळा पडलाच नसता. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. आता जुंपणार, असं वाटलं. पण मेट्रनबाई एवढंच म्हणाल्या, "बसा. पाणी प्या." आणि ते बसले, पाणी प्यायले, आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की पुढच्या बाकावरचे कागद हलले. मग सगळेच सैल झाले. घट्ट बूट काढल्यावर होतात तसे. एक म्हणाले, आमच्याकडेसुद्धा. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडे तर त्याहून... ते एक हॉस्पिटल बिचारं दहा मिनिटांत ओस पडलं.

"बरं, तुम्ही मग उपाय काय केला?" भुलीच्या मॅडमनी विचारलं. आता त्या लिहून घेत होत्या.

"परिपत्रक काढलं."

"काय लिहिलं?"

"दक्षता घ्यावी."

कुणी हसलं नाही. सगळ्यांनी तेच काढलं होतं.

मागून खाकरल्याचा आवाज आला. जनावरांच्या डॉक्टरने हात वर केला होता. ओरखडे उठलेला, भला मोठा हात.

"मी... आमच्याकडे तेच सिलिंडर आहेत," तो म्हणाला. "माझे पेशंट श्वास लागत नाही असं सांगत नाहीत. केसांमुळे निळेही दिसत नाहीत. म्हणून मी काटा बघतच नाही. मास्क आधी माझ्या गालाला लावतो. गालाला वारा लागला तर पेशंटला. नाही लागला तर चावी."

"गालाला," भुलीच्या मॅडम म्हणाल्या.

"हाताला नाही कळत. हात फार धुतले जातात आपले." एवढं बोलून तो लाल झाला आणि खाली बसला.

शहरातल्या एकूण एक मोठ्या हॉस्पिटलांची ती माणसं थोडा वेळ स्वतःचे गाल चाचपत बसली.

गुरुवारी मामी आणि मी टेकडीवर, थिएटरबाहेरच्या बाकावर होतो. आत जाताना मामा वॉर्डबॉयला ट्रॉलीचं चाक का कुरकुरतं ते सांगत होता. दार बंद झालं आणि आवाज तुटला. मामीने पर्स उघडली, बंद केली, उघडली.

"तू बोललास ना त्यांच्याशी? त्या टाकीचं?"

"बोललोय, मामी."

"ऐकलं त्यांनी?"

"लिहून घेतलं."

"लिहून तर मीही घेते रे किराणा. निम्मं विसरते."

मला आमचा नोटीस बोर्ड आठवत होता.

बऱ्याच वेळाने दाराच्या काचेतून हालचाल दिसली. ऑपरेशन आटोपून मामाला वॉर्डात न्यायला ट्रॉलीवर घेतलं होतं. मी काचेला नाक लावलं. भुलीच्या मॅडमनी मास्क घेतला, आकडा फिरवला, काटा... काट्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा असेल, माहीत नाही. मग त्यांनी मास्क स्वतःच्या गालाला लावला. फोनवर कुणाचं तरी लांबलचक बोलणं ऐकतात तसा.

"ती बाई त्यांचा मास्क स्वतःला का लावतेय?" मामी माझ्या खांद्यावरून बघत म्हणाली.

"वारा बघतेय."

"आतमध्ये?"

मॅडम तशाच उभ्या होत्या. मग त्यांची मान ताठ झाली. त्या खाली वाकल्या, मनगट फिरवलं, एकदा, परत एकदा, आणि मास्क पुन्हा गालाला लावला. कानामागची बट उडाली. मला काचेतून दिसली ती. मग मास्क मामाच्या तोंडावर गेला.

ट्रॉली बाहेर आली. मामाचे ओठ नेहमीसारखे होते, किंचित उघडे, काहीतरी सांगायच्या बेतात. मॅडम माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबल्या. त्यांच्या गालावर मास्कचा गोल वळ उमटला होता.

"बंद होता," त्या हळूच म्हणाल्या. "मला शपथेवर सांगता आलं असतं की मी उघडलाय." आणि ट्रॉलीमागे गेल्या.

मी तिथेच जमिनीवर बसलो. मग मला हसू फुटलं, आणि थांबेना. मामीला वाटलं, पोराचं डोकं फिरलं. तिने मला पर्समधलं बिस्किट दिलं. ते खाताना मी रडत होतो, पण तोंड भरलेलं असल्यामुळे ते फार भारदस्त दिसलं नसणार.

दुपारी वॉर्डात मेट्रनबाईंचा फोन आला.

"मामा कसे आहेत?"

"झोपलेत. छान आहेत. मी उद्या येऊ का कामावर, की..."

"ये की. टेकडीवरच्या साहेबांनी आपल्या साहेबांना फोन केला होता, आभार मानायला. आपले साहेब म्हणाले, त्यात काय, मोकळेपणा हे आमचं पहिल्यापासूनचं धोरण आहे."

"पहिल्यापासूनचं?"

"सकाळी अकरापासूनचं. आणि ते पार्किंगचं परिपत्रक काढून टाक. सगळ्या वॉर्डांत गालाचं शिकवायचंय, तू यायचंस. कुठून शिकलो ते विचारलं तर खरं सांगायचं."

"कुत्र्यांच्या दवाखान्यातून?"

"खरं म्हटलं ना मी."

फोन ठेवला. वॉर्डात ऊन तिरकं आलं होतं. मामा उताणा पडला होता, मास्क काढलेला, आणि घोरत होता. साधंसुधं नाही. आधी ट्रक चढाला लागल्यासारखा आवाज, मग माथ्यावर एक भीतिदायक शांतता, आणि मग सगळा माल उतारावरून खाली. खिडकीची काच बारीक थरथरत होती. समोरच्या कॉटवरच्या शिक्षकांनी वर्तमानपत्र खाली केलं, पुन्हा वर केलं, शेवटी घडी करून ठेवलं.

"अहो," ते मला म्हणाले, "राग मानू नका, पण त्यांना जरा कुशीवर वळवता का?"

मी मामीकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून ती रात्री कानात कापूस घालून झोपते, हे सगळ्या नात्यात माहीत आहे. ती खुर्ची ओढून कॉटच्या अगदी जवळ, त्या आवाजाच्या तोंडाशी बसली होती.

"थोडा वेळ असू दे हो," मामी शिक्षकांना म्हणाली. "आत्ताच तर रंगात आलेत."